सल्ला : मुलांना मदतीला पाठवायचं, पण कुणाकडे आणि कसं?

प्रश्न : मी नववीची वर्गशिक्षिका आहे. वर्गात ३२ मुलं-मुली. गेल्या वर्षी ‘गरजूंना मदत’ म्हणून आम्ही जुने कपडे गोळा केले आणि एक दिवस ठरवून वाटायला गेलो. निम्मे कपडे फाटके निघाले. फोटो काढताना काही जण तोंड फिरवून उभे राहिले, आणि एक बाई तर ‘आम्ही मागितलं होतं का?’ असं विचारून आत गेल्या. नंतर मुलं एका वृद्धाश्रमात दोनदा जाऊन आली. तिसऱ्या वेळी यायला पाचच जण तयार होते. यंदा मुलंच म्हणताहेत की पुन्हा काहीतरी करू या. मुख्याध्यापक म्हणतात, गुण देऊ, म्हणजे सगळे येतील. पालक विचारतात, अभ्यासाचं काय? सुरुवात कुठून करू? आणि गेल्या वर्षीचे तीन पोती कपडे अजून कपाटात पडून आहेत, त्यांचं काय करू?

उत्तर :

नमस्कार बाई,

तुमच्या पत्रातला सगळ्यात कामाचा प्रश्न त्या आत निघून गेलेल्या बाईंचा आहे. गेल्या वर्षी काय द्यायचं हे देणाऱ्यांच्या कपाटात काय पडून होतं त्यावरून ठरलं, घेणाऱ्यांना कुणी विचारलंच नाही. यंदा आधी विचारा. जे कळेल त्यातलं चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना दर आठवड्याला न चुकता जमेल एवढंच अंगावर घ्या. ऐकायला सोपं वाटतं, पण घोटाळे बारीकसारीक गोष्टींत होतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिले तीन आठवडे मुलांना कुठेही मदतीला पाठवू नका. हे आठवडे चौकशीचे. रोज घरोघर जाणाऱ्या, माणसं ओळखणाऱ्या लोकांना गाठा : टपाल वाटणारे, औषधांच्या दुकानातले, घरी जाऊन रुग्ण पाहणाऱ्या परिचारिका, वाचनालयातले कर्मचारी. त्यांच्याकडून नावांची यादी मागू नका. दुसऱ्याच्या अडचणींची यादी शाळेत फिरणं बरं नव्हे. त्यांच्या हाती निरोप द्या : ‘शाळेतली मुलं आठवड्यातून एकदा पाऊण तास येऊ शकतात. चालणार असेल तर शाळेला कळवा.’ होकार त्या बाजूनं आला की गेल्या वर्षीचा प्रश्न पुन्हा ऐकावा लागणार नाही.

होकार आलेल्या घरी आधी तुम्ही आणि आणखी एक मोठं माणूस जाऊन या. ‘तुम्हाला काय मदत हवी?’ असं विचारू नका. बहुतेक जण ‘काही नको हो, सगळं ठीक आहे’ म्हणतात, कारण हो म्हणणं म्हणजे आपल्याच्यानं होत नाही अशी कबुली देणं. त्याऐवजी विचारा : आठवड्यातलं कुठलं काम सगळ्यात जड जातं? कुठली गोष्ट करायची राहूनच जाते? पूर्वी आवडीनं करत होता आणि हल्ली होत नाही, असं काय आहे? मग खरी उत्तरं येतात. सुईत दोरा ओवला जात नाही. गादीच्या भिंतीकडच्या बाजूची चादर खोचता येत नाही. पेपर येतो, पण अक्षर दिसत नाही. फोनमधले नातीचे फोटो सापडत नाहीत. कोपऱ्यावरच्या बाकापर्यंत चालत जायला सोबत नाही. यातली एकही गोष्ट पोत्यात भरून नेता येत नाही.

आणखी एक गोष्ट वर्गात बोलायला सुरुवात करण्याआधीच लक्षात ठेवा. ज्यांच्या घरी जायचं त्यांचाच नातू किंवा नात तुमच्या बाकांवर बसलेली असू शकते. गेल्या वर्षी वाटलेला शर्ट ज्याच्या घरी गेला तो मुलगाही त्याच वर्गात असू शकतो. म्हणून ‘गरजू’ आणि ‘लाभार्थी’ हे दोन शब्द फळ्यावर येऊ देऊ नका. घराला त्या माणसाच्या नावानं ओळखा, आणि त्यांना काय म्हणून हाक मारायची हे पहिल्या भेटीत त्यांनाच विचारायला मुलांना शिकवा. ‘आजी’ म्हटलेलं सगळ्यांनाच आवडतं असं नाही.

आता संख्येचं. वृद्धाश्रमात तिसऱ्या वेळी पाचच जण उरले, यात मुलांचा दोष आम्हाला फारसा दिसत नाही. ३२ मुलं एका खोलीत गेली की काम चार जणांना मिळतं, उरलेली भिंतीला टेकून उभी राहतात. दोनदा भिंतीला टेकून उभं राहिलेलं मूल तिसऱ्यांदा कशाला येईल? यंदा तीन घरांपासून सुरुवात करा. एका घराला चार मुलं, म्हणजे दोन जोड्या. एका आठवड्यात पहिली जोडी जाईल, पुढच्या आठवड्यात दुसरी. अशी १२ मुलं लागली. उरलेली २० पहिल्या सत्रात शाळेत बसून होणारी कामं करतील (त्यांबद्दल पुढे लिहिलं आहे), आणि सत्र संपताना आलटापालट होईल. १४ आठवड्यांचं सत्र धरलं तर प्रत्येक घरी १४ भेटी होतात, प्रत्येक मुलाच्या वाट्याला सात. पाऊण तासाच्या सात भेटी म्हणजे सत्रात सव्वापाच तास. पालकांच्या ‘अभ्यासाचं काय?’ या प्रश्नाला हा आकडाच पुरे. तो पालकसभेत फळ्यावर लिहून दाखवा.

चार जणांचा गट करण्याचं खरं कारण गैरहजेरी आहे. जोडीतलं एक आजारी पडलं तर बदली दुसऱ्या जोडीतून येते. त्या घराला तो चेहरा ओळखीचा असतो, अनोळखी मूल दारात उभं राहत नाही. दोघंही येणार नसतील तर तुम्ही स्वतः सकाळीच फोन करून कळवा. भेट साडेचारची असेल तर त्या घरी चारपासूनच दाराकडे कान लागलेले असतात. न कळवता एक भेट चुकली तर पुढच्या कित्येक भेटींत ‘येतील की नाही’ हा संशय राहतो.

प्रत्येक घरामागे एक मोठं माणूस हवं, शिक्षक किंवा पालक, आणि त्यानं त्याच घरात थांबायचं. बाहेर गाडीत बसून फोन बघत राहणं चालणार नाही. एकटं मूल कुणाच्याही घरी बंद खोलीत नसावं. मुलं असतील ती खोली उघडी राहील. हा नियम मुलाइतकाच त्या घरच्या माणसालाही सांभाळतो, आणि दोन्हीकडे तो पहिल्याच दिवशी याच शब्दांत सांगून टाकावा. सोबत येणाऱ्या पालकांची पडताळणी शाळा बाहेरच्या कुठल्याही माणसाची करते तशीच करा, ओळखीचे म्हणून सूट नको. संमतिपत्रावर घर, वार, वेळ, सोबत कोण आणि काय करायचं नाही हे पाचही मुद्दे असू द्या. नुसतं ‘सामाजिक उपक्रमास परवानगी’ एवढं लिहिलेल्या कागदाला काही अर्थ नाही.

भेट पाऊण तासाची ठेवा. पहिली पाच-सात मिनिटं ख्यालीखुशाली, मग अर्धा तास ठरलेलं काम, शेवटी आवरणं आणि ‘पुढच्या बुधवारी दुसरी जोडी येईल’ हे नावं घेऊन सांगणं. वय झालेलं माणूस तासाभरानं थकतं, पण उठून ‘आता जा’ म्हणत नाही. म्हणून उठायची वेळ मुलांनीच पाळायची.

सुईचं उदाहरण घ्या, क्षुल्लक वाटतं म्हणूनच. एका भेटीत मुलांनी दहा सुया ओवून ठेवायच्या, पाच काळ्या दोऱ्याच्या आणि पाच पांढऱ्या. दोरा हातभर, साधारण ६० सेंटिमीटर. त्याहून लांब असेल तर गुंता होतो. टोक दातानं तोडलं तर ते पिंजतं आणि सुईच्या नेढ्यात शिरत नाही. कात्रीनं तिरकं कापलं की सरळ जातं. ओवलेली सुई सुया टोचून ठेवायच्या छोट्या उशीत खोचायची आणि दोरा तिच्याभोवती इंग्रजी आठच्या आकड्यासारखा गुंडाळायचा, म्हणजे शेजारच्या दोऱ्यात अडकत नाही. पंधरा दिवसांनी तीच जोडी आली की किती सुया रिकाम्या झाल्या ते दिसतं. शिवण त्या माणसानं स्वतःच केलेली असते. मुलांनी फक्त अडलेला एक टप्पा पार करून दिला. काम निवडताना हेच माप वापरा : माणूस स्वतः जे करू शकतो ते त्याच्या हातून काढून घेऊ नका.

पेपर वाचून दाखवणंही वाटतं तितकं सोपं नाही. मुलं पहिल्या पानापासून सुरू करतात आणि तिसऱ्या बातमीला ऐकणाऱ्याचा डोळा लागतो. आधी सगळ्या पानांवरचे फक्त मथळे वाचायचे आणि त्यांना निवडू द्यायचं. आकडे आणि नावं सावकाश. निधनवार्ता ‘कशाला ते’ म्हणून गाळू नयेत. ओळखीचं कुणी गेलं का, हे त्यांना जाणून घ्यायचं असतं. आणि मध्येच त्यांनी जुनी आठवण काढली तर पेपर खाली ठेवायचा. त्या दिवसापुरतं वाचन संपलं असं समजायला हरकत नाही.

फोन शिकवताना एक नियम : मुलाचे हात पाठीमागे. फोन त्यांच्या हातात राहील, बोट त्यांचंच फिरेल, मूल फक्त तोंडानं सांगेल. मुलांच्या बोटांना इतकी सवय असते की आठ टप्पे चार सेकंदांत होतात आणि पाहणाऱ्याला काहीच कळत नाही. एका भेटीत एकच गोष्ट शिकवा. अक्षर मोठं करणं, किंवा फोटो उघडणं, किंवा मुलीला व्हिडिओ कॉल लावणं. तेच तीनदा करून घ्या आणि टप्पे एका कार्डावर लिहून द्या. कार्डाचा कागद चकाकणारा नको. पांढऱ्यावर काळं ठसठशीत अक्षर, हातानं लिहिलं तर सेंटिमीटरभर उंच, छापलं तर किमान १८ पॉइंट, आणि दोन ओळींत भरपूर अंतर. ही कार्डं करणं हे शाळेत राहिलेल्या २० जणांचं काम. बँकेचं ॲप, पैशांचा व्यवहार, पासवर्ड, पिन, ओटीपी यांना मुलांनी हात लावायचा नाही, त्यांनी स्वतः दाखवायला काढलं तरी नजर दुसरीकडे वळवायची. पुढेमागे पैशांचा काही घोळ झाला, तर तो कुणी केला हे कळायच्या आधी मुलाचं नाव निघतं.

ज्यांना नीट दिसत नाही, ऐकू येत नाही किंवा चालता येत नाही अशा माणसांशी वागायची पद्धत मुलांनी आधी वर्गात एकमेकांवर करून पाहावी. एक तासिका द्या, डोळ्यांवर पट्टी बांधून जोड्यांनी व्हरांड्यात फिरवा.

नीट न दिसणाऱ्या माणसाचा हात धरून ओढायचं नसतं. आपली कोपर पुढे करायची. ते कोपराच्या किंचित वर धरतात आणि आपण अर्धं पाऊल पुढे चालतो. आपल्या दंडाच्या हालचालीवरून त्यांना वळण आणि उतार कळतो. पायरीपाशी थांबायचं आणि ‘पायरी आहे, वर जाणारी’ किंवा ‘खाली उतरणारी’ असं सांगायचं. नुसतं ‘जपून’ म्हणून काहीच कळत नाही. अरुंद दारातून जाताना आपला हात पाठीमागे घ्यायचा, म्हणजे ते आपोआप मागे येतात. खुर्चीपाशी पोहोचलं की त्यांचा हात खुर्चीच्या पाठीवर ठेवायचा. बसायचं काम त्यांचं. पांढऱ्या काठीला हात लावायचा नाही, आणि निघताना ‘मी निघालो’ हे तोंडानं सांगायचं. नाहीतर ते रिकाम्या जागेशी बोलत राहतात.

कमी ऐकू येणाऱ्यांशी मुलं ओरडून बोलतात. ओरडल्यानं शब्द फाटतात, ओठांचा आकार बदलतो आणि श्रवणयंत्रात नुसता गोंगाट जातो. समोर बसायचं, उजेड आपल्या चेहऱ्यावर येईल असं. खिडकीकडे पाठ करून बसलं तर आपला चेहरा त्यांना काळा दिसतो. टीव्ही किंवा रेडिओ चालू असेल तर विचारून बंद करायचा. वाक्य कळलं नाही तर तेच तेच पुन्हा म्हणण्यापेक्षा वेगळ्या शब्दांत सांगायचं.

विसरभोळेपणा वाढलेल्यांना ‘आठवत नाही का?’ असं कधीही विचारू नये. दर भेटीत आपलं नाव पुन्हा सांगावं, जणू पहिलीच भेट आहे. तीच गोष्ट चौथ्यांदा सांगितली तर चौथ्यांदा ऐकावी.

चाकांच्या खुर्चीबाबत मुलांची मर्यादा आखूनच द्या. सपाट जागेवर, विचारून, हळू ढकलणं एवढंच. थांबलं की दोन्ही ब्रेक. माणूस खुर्चीत बसताना किंवा उठताना पायाच्या पट्ट्या वर केलेल्या असाव्यात, कारण त्यांच्यावर पाय पडला तर खुर्ची पुढे कलंडते. हाताच्या दांड्यांना किंवा पायपट्ट्यांना धरून खुर्ची उचलायची नाही. बऱ्याच खुर्च्यांत ते भाग निघणारे असतात आणि हातात येतात. उतार तीव्र असेल तर खुर्ची उलटी, पाठ खालच्या बाजूला करून उतरवतात, पण ते मोठ्यांचं काम. पायऱ्या मुलांसाठी पूर्ण बंद.

बंद असलेल्या गोष्टींची यादी भेटींच्या नोंदवहीच्या पहिल्या पानावर चिकटवा. स्टुलावर किंवा शिडीवर चढणं, शेगडी पेटवणं, विजेचं काहीही, औषध काढून देणं, नखं कापणं, माणसाला उचलणं किंवा आंघोळीला मदत करणं, पैसे घेणं-देणं. खायला-प्यायला देणंही यातच. गिळायला त्रास असलेल्या माणसाला घोटभर पाणीसुद्धा ठसक्यातून फुप्फुसात जाऊ शकतं, म्हणून सांभाळणाऱ्यांना विचारल्याशिवाय पाण्याचा पेलाही पुढे करायचा नाही. पडलेल्या माणसाला मुलांनी उठवायचं नाही. सोबतच्या मोठ्यांना हाक मारायची, तोवर डोक्याखाली काहीतरी मऊ सरकवून जवळ बसून राहायचं. डोक्याला किंवा मानेला लागलंय असं वाटलं तर उशीसाठीही मान हलवायची नाही.

मुलांमधून अन्नवाटपाची सूचना येईल, ती नेहमी येते. आमचं मत : पहिल्या वर्षी नको. शिजवलेलं अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहिलं की त्यात जंतू झपाट्यानं वाढतात, आणि साध्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. शिजवणं, भरणं, नेणं, वाटणं हे सगळं दोन तासांत बसवायला सराईत माणसं लागतात. वासानं कळेल या भरवशावर राहू नका, आजारी पाडणाऱ्या अन्नाला वास येतोच असं नाही.

उलटंही खरं आहे, मुलंही आजार घेऊन जातात. ताप, खोकला, सर्दी असेल तर भेट नाही. उलट्या-जुलाब झाले असतील तर ते थांबल्यावर पुढचे ४८ तास नाही. घरात शिरल्यावर पहिलं काम साबणानं किमान २० सेकंद हात धुणं, अंगठे आणि बोटांच्या बेचक्यांसकट. साधी सर्दी मुलाला तीन दिवस घरी बसवते, ऐंशीच्या माणसाला महिनाभर अंथरुणाला खिळवू शकते.

गुपितांचं काय? घरात ऐकलेलं घरातच ठेवायचं, हे मुलांना लगेच पटतं. पण त्याला अपवाद आहेत, आणि ते मुलांना आधी सांगायला हवेत. अंगावर माराच्या खुणा, घरात खायला काही नसणं, कुणाची तरी भीती वाटणं, ‘आता जगायचं नाही’ असं बोलणं. यातलं काहीही दिसलं-ऐकलं तर त्याच दिवशी, घरी जाण्याआधी तुम्हाला सांगायचं. ‘कुणाला सांगू नकोस हं’ असं कुणी म्हटलं तर कबूल व्हायचं नाही. तोंडी वाक्य पाठ करून घ्या : ‘आमच्या बाईंना सांगावं लागेल, पण बाकी कुणाला नाही.’ आणि मुलाचं काम तिथे संपतं. पुढे काय करायचं हे मोठ्यांनी बघायचं. हे ऐकल्यावर बहुतेक मुलं सुटकेचा श्वास टाकतात.

भेटवस्तूंचा गुंता हमखास होतो. पाचव्या-सहाव्या भेटीला कुणीतरी मुलाच्या हातावर नोट ठेवतंच. नकार दिला तर राग, घेतली तर घोळ. पहिल्याच भेटीत तुम्ही सांगून ठेवा की शाळेचा नियम आहे, मुलं पैसे घेत नाहीत. नियम शाळेचा असला की मुलाला उद्धट व्हावं लागत नाही.

फोटो अजिबात नको. वृत्तान्तासाठी लागतोच म्हणाल तर मुलांनी केलेल्या कार्डाचा काढा, ओवलेल्या सुयांचा काढा. माणसांचा नको.

परतल्यावर त्याच दिवशी दहा मिनिटं जोडीला बसवा आणि वहीत पाच रकाने भरून घ्या : तारीख, कोण गेलं, काय केलं, काय राहिलं, पुढच्या वेळी काय न्यायचं. चौथा आणि पाचवा रकाना दुसऱ्या जोडीसाठी आहे. वहीत आजाराचं नाव, घरातली भांडणं, पैशांचं काही लिहायचं नाही. वही शाळेतच राहील. ही दहा मिनिटं वगळली की गेल्या वर्षीसारखी गळती सुरू होते, कारण आपण केलेल्या कामाचं पुढे काय झालं हे मुलांना कळेनासं होतं.

मुख्याध्यापकांना सांगा, गुण नकोत. गुण दिले की वर्ग लगेच हिशेब करतो, कमीत कमी किती भेटींत पूर्ण गुण मिळतात, आणि तेवढ्या झाल्या की ते घर सुटतं. शिवाय ज्याला संध्याकाळी धाकट्या भावंडांना सांभाळावं लागतं त्या मुलाचे गुण विनाकारण जातात. नोंद हवीच असेल तर वर्षाखेरीस तासांचा आकडा लिहिलेला साधा कागद द्या. आणि ज्याला यायचं नाही त्याला कारण न विचारता नको म्हणू द्या. जबरदस्तीनं आलेलं मूल समोरच्या माणसाला पाच मिनिटांत ओळखू येतं.

तुमच्या पत्रातला वृद्धाश्रम मात्र सोडू नका. तिथल्या व्यवस्थापकांना विचारा, वर्षात कुठल्या आठवड्यांत कुणीच येत नाही? १ ऑक्टोबर हा आंतरराष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक दिन, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं तो १९९० मध्ये ठरवला. ५ डिसेंबर हा स्वयंसेवकांचा, तोही त्यांनीच १९८५ मध्ये ठरवलेला. अशा दिवशी पाहुण्यांची रांग लागते, भाषणं होतात, हार होतात. तुमच्या मुलांनी ८ ऑक्टोबरला जावं आणि पुढे दर आठवड्याला जात राहावं, पण एका वेळी चारच जणांनी, ठरलेल्या चार खोल्यांत. समूहगीत ही एकच गोष्ट ३२ जणांना एकदम करता येते. ती वर्षातून एकदा ठेवा हवी तर.

परीक्षेचे आठवडे आधीच ठरलेले असतात, तेव्हा खंड पडणार हे लपवू नका. तीन आठवडे आधी तोंडी सांगा आणि पुन्हा यायची तारीख मोठ्या अक्षरात कार्डावर लिहून भिंतीवर लावा. ‘परीक्षेनंतर येऊ’ हे पुरेसं नाही. मधल्या काळात मुलांनी दोन ओळींचं पत्र टाकावं. वर्ष संपताना मुलं दहावीत जातील तेव्हा नवी जोडी एकदम पाठवू नका. शेवटच्या दोन भेटींना जुनं एक, नवं एक असं जाऊ द्या, म्हणजे कार्डं कुठे ठेवली आहेत, कुठल्या कानानं बरं ऐकू येतं, बाक कुठला, हे सगळं न लिहिता पोचतं.

राहिली ती तीन पोती.

शाळेत राहिलेल्या गटाला एक टेबल, चांगला उजेड आणि दोन टोपल्या द्या. प्रत्येक कपड्याला एकच प्रश्न : घरी पाहुणा आला आणि त्याचे कपडे भिजले, तर हा त्याला घालायला देऊ का? देणार असू तर पहिल्या टोपलीत, एरवी दुसऱ्या. मग पहिल्या टोपलीतले कपडे तपासा. चेन तीनदा वर-खाली करून पाहा, एकदा चालली म्हणजे चालते असं नाही. कमरेचं इलॅस्टिक दोन्ही हातांनी ताणा, आतून करकर आवाज आला तर ते गेलेलं आहे. काखेतले डाग, कॉलरची घडी, पँटच्या मांड्यांचा विरलेला भाग उजेडासमोर धरून बघा. एका कपड्याला दीड मिनिट धरलं तर शंभर कपड्यांना एका जोडीला अडीच तास लागतात. तेव्हा दोन शनिवार लावा. उत्तीर्ण झालेले धुऊन, मापाची चिठ्ठी लावून, ज्यांनी त्या मापाचे मागितले आहेत त्या संस्थेला कळवून मगच पाठवा. कुणी मागितलेच नसतील तर ते तसेच घडी करून ठेवा.

दुसरी टोपली मोठी होईल. त्यातले सुती कपडे ३० बाय ३० सेंटिमीटरचे कापून फडके करा, शाळेलाच वर्षभर पुरतील. टेरिलीन, नायलॉन पाणी टिपत नाही, ते फडक्याला घेऊ नका. कापण्याआधी बटणं आणि चांगल्या चेनी उसवून घ्या. बटणं सारखी पाहून चार-चार एका दोऱ्यात ओवायची आणि झाकणाच्या बरणीत ठेवायची. झाकण फिरकीचं नको, ते म्हाताऱ्या हातांना उघडत नाही. बुधवारी सुया ओवायला जाणाऱ्या जोडीनं ती बरणी सोबत न्यावी.